तिन्हीसांजेचा पहारा : खानापूर तालुक्यातील ग्रामपंचायतींना अनावृत पत्र

प्रति,
खानापूर तालुक्यातील सर्व ग्रामपंचायतींचे माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य व पंचायत विकास अधिकारी यांस,



आपल्या दफ्तरी रोज येणाऱ्या अर्जांत गटारांची, पथदीपांची, नळाच्या पाण्याची, घरकुलांची आणि उताऱ्यांची निकड असते, आणि त्यांचा निकाल लावता लावताच आपली पाच वर्षांची मुदत सरून जाते, हे मी जाणतो. तरीही जिच्याविषयी आजवर कोणी आपल्याकडे लेखी दरखास्त केलेली नसावी, पण जिच्या नासाडीने वरील सर्व सोयी मिळूनही गाव दरिद्री राहू शकते, अशा एका गोष्टीविषयी हे पत्र जाहीररीत्या लिहीत आहे. ती गोष्ट म्हणजे आपल्या माणसांचे अवधान. कष्टाचे काम आटोपल्यानंतर दिवसाचा जो थोडासा भाग चित्ताला मोकळा सापडतो, त्या वेळी ते कशाकडे आणि कोणाच्या सांगण्यावरून जाते, हा आजवर ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला समजला गेला. तो आता गावाच्या कारभाराचा प्रश्न झाला आहे, असे माझे नम्र परंतु निश्चित मत आहे. आणि म्हणूनच प्रत्येक पंचायतीने आपल्या येत्या ग्रामसभेत सांजेचा दीड तास राखण्याचा ठराव मांडावा, ही माझी विनंती आहे.

ही कल्पना माझ्या पदरची नाही. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, शिक्षण मोबाइलवर आले, आणि पुढे शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातचा मोबाइल काही सुटेना, हे पाहून त्या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक शिरस्ता घातला : सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद व्हायचे, आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास, मोठ्यांनी वाचन किंवा आपसांतील बोलणे, एवढेच करायचे. त्याच जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुक्याच्या अग्रण धुळगावानेही असाच नेम धरला, आणि त्या गावाचा कित्ता गिरवीत, आपल्या शेजारच्या बेळगाव तालुक्यातील हलगा ग्रामपंचायतीने (आपल्या तालुक्यातील हलगा निराळे, हे सुवर्ण विधानसौधाच्या लगतचे) सात ते नऊ असे दोन तास राखले. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांमधला जो सीमावाद १९५६ पासून आजतागायत निकालात निघालेला नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांना एकच दुखणे जडले आहे, आणि त्यावरचा एकच उतारा दोन्हीकडच्या गावांनी एकमेकांचे पाहून घेतला आहे, ही मला मोठी आश्वासक गोष्ट वाटते. हलग्याहून खानापूर दूर नाही. जे तिथे घडले ते येथे घडण्यास कसलीही आडकाठी मला दिसत नाही.

सायंकाळी सातच्या सुमारास आपल्यापैकी कोणीही आपापल्या गावातून सावकाश एक फेरी मारावी. डेअरीला दूध घालून आलेला बाप सोप्यावर भिंतीला टेकलेला असतो आणि त्याचा अंगठा एका लयीत वर सरकत असतो. त्याच्यासमोर मांडीवर वही उघडून बसलेला मुलगा, पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलकडे दर ओळीनंतर पाहत असतो. आतल्या खोलीत मालिकेचा आवाज चढलेला असतो. आणि उंबऱ्याशी बसलेली आजी दिवसभरातली एखादी गोष्ट सांगायला सुरुवात करते, दोन वाक्ये बोलते, आणि कोणी ‘हूं’ म्हणत नाही असे पाहून तिसरे वाक्य मनातच ठेवते. गोष्टीला हुंकार लागतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. हुंकार देणारे नसेल तर सांगणारे थांबते. या घरात कोणी कोणाशी भांडलेले नाही, कोणाचे काही हरवलेले नाही, पोलिसांत द्यावी अशी वर्दी नाही की पंचनामा करावा असे काही घडलेले नाही; आणि तरीही त्या घराची एक संध्याकाळ रोज जाते, तिच्याबरोबर आजीच्या त्या तिसऱ्या वाक्यात असलेले काहीतरी, शेताच्या बांधाची एखादी जुनी खूण, कोणत्या तापाला कोणता पाला, कोणत्या पिढीत कोणाशी सोयरीक झाली होती, असे कोठेही लिहून न ठेवलेले ज्ञान, कायमचे जाते.

हे सारे आळसाने किंवा वाईट संगतीने घडत आहे असे मानणे म्हणजे आपल्या माणसांवर अन्याय करणे होय. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९७१ मध्येच असे दाखवून दिले होते की माहितीचा सुकाळ झाला म्हणजे, ती माहिती जे खर्ची पाडते त्या अवधानाचा दुष्काळ अपरिहार्यपणे पडतो. जी वस्तू दुर्मीळ होते तिचा बाजार भरतो, या न्यायाने अवधानाचाही बाजार भरला. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, नाटकाला पडदा असतो, आकाशवाणीची सभा ठरल्या वेळी संपत असे. परंतु २००६ च्या सुमारास अझा रास्किन या आरेखनकाराने पडद्यावरील मजकुराला शेवटच राहणार नाही, बोट सरकवावे तसा नवा मजकूर खालून येत राहील, अशी युक्ती काढली, आणि तिचे परिणाम पाहून पुढे त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरपासून डेटा अगदी स्वस्त झाला, आणि पुढच्या काही वर्षांत अर्ध्या-एका मिनिटाच्या चित्रफितींचा सुळसुळाट झाला. पाहणाऱ्याने थांबू नये यासाठी जगातील अत्यंत कुशाग्र बुद्धीची माणसे मोठ्या पगारावर तैनात आहेत. आणि त्यांच्यासमोर, एकटा, कोणाच्याही मदतीवाचून उभा केलेला असतो आपल्या नंदगडचा, गर्लगुंजीचा किंवा जांबोटीचा अकरा वर्षांचा मुलगा. त्याने आपल्या मनोनिग्रहाच्या बळावर हा सामना जिंकावा अशी अपेक्षा करणे आणि तो हरला म्हणून त्याला रागे भरणे, यांत न्याय नाही. मोठ्या माणसांचीही स्थिती याहून फारशी निराळी नाही. जिथे एकट्याचे बळ तोकडे पडते तिथे गावाने उभे राहायचे असते. पंचायत नावाची संस्था मुळात त्यासाठीच आहे.

आता गावाने मिळून एखादी गोष्ट ठराविक वेळी न करण्याचे ठरवावे आणि ती लहानथोरांनी पाळावी, ही कल्पना आपल्या भागात कोणालाही नवखी वाटण्याचे कारण नाही, कारण वार पाळणूक आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. ग्रामदेवतेची यात्रा जवळ आली म्हणजे देवस्की पंच बसतात, वार ठरवतात, आणि त्या आठवड्यांत त्या वारी शेतातली कामे बंद राहतात. पेरणीचे दिवस तोंडावर असले, वाफसा उत्तम आलेला असला, मजूर मिळण्याची पंचाईत असली, तरी त्या वारी माणूस शिवारात कामाला जात नाही. आणि त्याचे मुख्य कारण दंडाचे भय हे नसून, शेजारीही गेलेला नाही, हे असते. सर्वांनी एकदम सोडले म्हणजे कोणाचेच काही बुडत नाही, हा या प्रथेमागचा शहाणपणा फार खोल आहे. एकट्याने मोबाइल बाजूला ठेवला तर त्याला वाटते की आपल्यावाचून जग पुढे चालले आहे. मुलाला वाटते की आपले सोबती खेळत आहेत आणि आपण तेवढे कोंडले गेलो आहोत. सगळ्या आळीने एकाच वेळी ठेवला तर ही रुखरुखच उरत नाही. १९२४ च्या डिसेंबरात ज्यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते महात्मा गांधी देशाचा सारा व्याप शिरावर असताना दर सोमवारी मौन पाळीत. कामे अडतील म्हणून त्यांनी वार मोडला नाही, आणि कामे अडलीही नाहीत.

परंतु बंद करणे हा या विषयाचा केवळ पूर्वार्ध आहे, आणि माझे खरे म्हणणे उत्तरार्धाविषयी आहे. भोंगा वाजला, पडदे विझले, पण पुढे काय, याचा विचार झालेला नसेल तर मोकळे झालेले चित्त पंधरा मिनिटांत कंटाळते, आणि कंटाळलेले चित्त पुन्हा ओळखीच्या ठिकाणी धाव घेते. म्हणून अवधान सोडवून घेण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ते कोठे रुजू करायचे हे अगोदर ठरवून ठेवणे आवश्यक आहे. आणि याचाही उत्तम नमुना आपल्या गावांतच आहे.

आपल्याकडे ज्ञानेश्वरी पारायणाचा सोहळा होतो तेव्हा मंडपात वीणा उभी राहते, आणि तीन दिवस असो की सात दिवस, समाप्तीपर्यंत ती खाली ठेवली जात नाही. हे एका माणसाच्या शक्तीतले काम नव्हे, म्हणून पहाऱ्याची यादी केली जाते : कोणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उभे राहायचे हे नावनिशीवार लिहून ते मंडपात सर्वांना दिसेल असे लावतात. मध्यरात्री दोनचा पहारा ज्याच्या नावावर असतो तो घरून न बोलावता येतो. आधीच्या पहारेकऱ्याच्या गळ्यातील वीणा आपल्या गळ्यात घेतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात, मग त्यांतला एक चुलता असो आणि दुसरा पुतण्या असो. आणि पुढचे दोन तास तो मनुष्य, दिवसभर विटांच्या भट्टीवर किंवा भाताच्या खाचरात राबलेला, पापणी जड होत असताही तारेवरचे बोट आणि ओठांवरचे नाम ढळू देत नाही. त्याला हे जमते, कारण वेळ ठरलेली आहे, काम ठरलेले आहे, नाव लिहिलेले आहे, आणि दोन तासांनी घेणारा येणार याची खात्री आहे. अमर्याद काळ सावध राहण्याचे ओझे त्याच्यावर कोणी टाकलेले नाही. हीच माणसे हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी येथील साहित्य संमेलनांना ग्रंथदिंडीपासून अखेरच्या सत्रापर्यंत बसून राहतात, वक्त्यांना आणि कवींना ऐकतात. ज्या भागात शेतकरी साहित्य संमेलने भरवतो त्या भागातील माणसांना एकाग्रता साधत नाही, असे कोणी म्हणू नये. तिला जागा, वेळ आणि सोबत लागते. ती दिली की ती येते.

त्या पारायणात नवव्या अध्यायाचा आरंभ येतो तेव्हा प्रत्येक वाचक एका विलक्षण ठिकाणी पोचतो. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी नेवाशात बसून गीतेवर बोलणारे ज्ञानदेव तेथे आपल्या श्रोत्यांकडे द्रव्य मागत नाहीत, मान मागत नाहीत. अवधान मागतात, आणि तेवढे दिलेत तर सर्व सुखाला पात्र व्हाल असे अभिवचन देऊन, लगेच आपण सर्वज्ञांच्या सभेत हे धारिष्ट्य केले म्हणून लडिवाळपणे विनवू लागतात. एवढ्या अधिकाराचा पुरुष देखील ज्या गोष्टीसाठी हात जोडतो, ती गोष्ट आपण, आपल्याला न ओळखणाऱ्या कोणाही विक्रेत्याला, तो मागतही नसताना, दिवसाकाठी कित्येक तास बहाल करतो. ज्ञानदेवांची ती विनवणी आपली गावे वर्षानुवर्षे तोंडाने म्हणत आली आहेत. तिला सायंकाळी सात वाजता घरात उत्तर देणे हाच या ठरावाचा अर्थ आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांतील सहाव्या अध्यायावरील प्रवचनात चित्ताच्या एकाग्रतेला जोडूनच विनोबा जीवनाच्या परिमिततेचा विचार मांडतात. मोजकेपणा आल्यावाचून एकाग्रता येत नाही, हा त्यांचा मुद्दा आजच्या स्थितीला तंतोतंत लागू पडतो. दिवसभर इंद्रियांना मोकाट सोडून सायंकाळी अर्धा तास डोळे मिटून बसल्याने चित्त ठिकाणावर येत नाही. काय पाहायचे, किती पाहायचे, केव्हा थांबायचे, याला सकाळपासूनच काही माप असावे लागते. मी मागतो आहे तो दीड तास म्हणजे त्या मापाची सुरुवात आहे. जे घर सात ते साडेआठ राखील, त्याला हळूहळू सकाळी उठल्याबरोबर प्रथम कशाकडे पाहावे, जेवताना काय समोर असावे, झोपताना शेवटचा दृष्टिक्षेप कशावर पडावा, हे प्रश्न आपोआप पडू लागतील. आणि प्रश्न पडणे हीच जागृतीची पहिली पायरी होय.

मग हे अवधान रुजू करायचे ते कोठे? पहिला हक्क अर्थात मुलांच्या अभ्यासाचा, त्यात दुमत नाही. दुसरा वाचनाचा. बेळगावच्या मराठी दैनिकांत आपल्या तालुक्याच्या बातम्या रोज येतात. घरातल्या एकाने त्या मोठ्याने वाचाव्यात, इतरांनी ऐकाव्यात, आणि वाचून झाल्यावर पाच मिनिटे बोलावे. एकाच घरातील पाच जण पाच निराळ्या खबरींवर स्वतंत्रपणे संतापून झोपी जाण्यापेक्षा पाच जणांनी एकच बातमी मिळून समजून घेणे, हे लोकशाहीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

तिसरा हक्क सरकारी कागदाचा. मराठीतूनही कागदपत्रे मिळावीत ही सीमाभागाची मागणी न्याय्य आहे आणि ती चालूच राहिली पाहिजे. परंतु ती मंजूर होईतो तलाठ्याचा उतारा, बँकेची सूचना, भूसंपादनाची नोटीस ही पुष्कळदा कन्नडमध्ये येते, बापाला वाचता येत नाही, म्हणून ती फळीवर पडून राहते आणि हरकतीची मुदत टळते. त्याच घरातला मराठी शाळेत जाणारा मुलगा कन्नडही शिकत असतो. राखलेल्या दीड तासात आठवड्यातून एकदा त्या मुलाने घरातला एक कागद बापाला वाचून दाखवावा व दोघांनी त्याचा अर्थ लावावा. मुलाला आपल्या शिक्षणाचा उपयोग त्याच दिवशी दिसेल, बापाला आपल्या जमिनीची वस्तुस्थिती कळेल, आणि दोघांनाही एकमेकांशी बोलण्यास एक विषय मिळेल.

चौथा हक्क जवळच्या गोष्टींचा, आणि याविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. आपल्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळायला जाते. त्याच डोंगररांगांत देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यातून समुद्राला मिळते. दोन दिशांच्या दोन नद्या ज्या तालुक्याच्या माथ्यावर जन्मतात असे भाग्य फार थोड्या तालुक्यांचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादई जलविवाद लवादाने जो निवाडा दिला, त्यात कळसा नाल्यातून मलप्रभेत वळवण्यासाठी १.७२ टीएमसी आणि भांडुऱ्यातून २.१८ टीएमसी पाणी मंजूर झाले. हे पाणी ज्या जंगलातून, ज्या गावांच्या शिवारांतून जायचे आहे ती आपली आहेत. यात लाभ किती, हानी किती, कोणाची, हे समजून घेण्याची जबाबदारी प्रथम आपल्यावर येते. दूरदेशींच्या युद्धांची आणि नटनट्यांच्या लग्नांची बित्तंबातमी आपल्या तरुणांना असते. या आकड्यांविषयी त्यांना विचारून पाहावे. ज्या हलशीला कदंबांची राजधानी होती, जेथे त्यांचे ताम्रपट सापडले, जेथील भूवराह-नरसिंहाचे मंदिर पाहायला दुरून अभ्यासक येतात, ती कित्येकांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असून डोळे भरून पाहिलेली नसते. गावातल्या मराठी शाळेचा पट किती आहे, पुढच्या वर्षी पहिलीत किती मुले येणार, याकडे वेळीच पाहणारे चार डोळे असतील तर शाळा टिकते; नसतील तर ती बंद झाल्याची बातमी मोबाइलवर येते आणि आपण तिच्याखाली हळहळ व्यक्त करतो. ज्याकडे कोणाचे लक्ष नाही ते प्रथम मोडकळीस येते, मग विस्मरणात जाते, आणि शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात जाते. जमीन, नदी, शाळा, भाषा, सर्वांना हाच नियम लागू आहे.

या विनंतीवर जे आक्षेप येतील त्यांत काही अगदी खरे आहेत, आणि त्यांना उत्तर दिल्यावाचून ठराव करणे योग्य होणार नाही. आपल्याच तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या पोटात आमगाव, गवाळी यांसारखी गावे आहेत, जेथे पावसाळ्यात आजाऱ्याला माणसांच्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि हाक मारायला मोबाइलची रेंज नसते. त्या गावांना संपर्काची सोय तातडीने मिळाली पाहिजे. तेथील माणसाला मोबाइलच्या दुष्परिणामांवर प्रवचन देणे ही क्रूरता ठरेल. इतर गावांतही मराठा लाइट इन्फंट्रीत किंवा दुसऱ्या पलटणीत सीमेवर असलेल्या मुलाचा फोन कधी येईल याचा नेम नसतो, आणि चोर्ला घाटाने गोव्याला कामाला गेलेल्याला सायंकाळीच घरी बोलायची फुरसत मिळते. तो फोन आलाच पाहिजे आणि घेतलाच पाहिजे. लांबच्या लेकराचा आवाज ऐकण्यात अवधानाची नासाडी नाही. ते त्याचे उत्तम स्थान आहे. जे दूर ठेवायचे ते पडद्यावरचे अखंड सरकणे, बोलणे नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्या आया-बहिणींच्या वतीने मीच मांडतो. सायंकाळी सात ही चुलीची वेळ आहे. घरातील स्त्रीचे अवधान पहाटेपासून कोणी ना कोणी मागतच असते : जनावर, लेकरू, सासू, पाहुणा, पाण्याची पाळी, आणि मालिकेचा तो अर्धा तास हा कित्येकींचा दिवसातला एकमेव विसावा आहे. तिच्यापासून तेवढाही काढून घ्यायचा, आणि बाकीच्यांच्या वाचनासाठी चहा करायला तिला पुन्हा आत पाठवायचे, असे होणार असेल तर हा ठराव न केलेला बरा. म्हणून वेळ कोणती असावी हे प्रथम स्त्रीशक्ती संघांना व महिला ग्रामसभेला विचारावे, त्यांनी सांगितलेली वेळ मान्य करावी, आणि त्या दीड तासातील घरकामाचा वाटा पुरुषांनी व मुलांनी उचलावा, हे ठरावातच लिहावे. एका घरातल्या चौघांचे अवधान मोकळे व्हावे म्हणून पाचवीचे बांधून ठेवणे यात पुण्य नाही.

तिसरा प्रश्न सक्तीचा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बांशी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी केली. त्या गावाची तळमळ मला मान्य आहे, पण मार्ग मी सुचवणार नाही. कारण ज्या नियमातून मोठी माणसे स्वतःला वगळतात तो नियम मुले मनातून कधीच मानत नाहीत. वार पाळणुकीत पाटलाचे शेतही थांबते आणि गड्याचेही, म्हणून तिला वजन आहे. येथेही अध्यक्षांच्या घरापासून आरंभ व्हावा, सदस्यांच्या घरांनी तो उचलावा, आणि दंड, जप्ती, तपासणी यांचे नावही काढू नये. परीक्षेचा अभ्यास खरोखरच मोबाइलवर करावा लागणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पंचायतीचे वाचनालय किंवा शाळेचा एक वर्ग त्या वेळेत उघडा ठेवावा, म्हणजे त्यांना सोबतही मिळेल.

आपली सोय व्हावी म्हणून ठरावाचा मसुदा येथे देतो. त्यात आपापल्या गावच्या वहिवाटीप्रमाणे फेरफार करावेत :

“सदर ग्रामसभा एकमताने असे ठरविते की, महिला ग्रामसभेने निश्चित केलेल्या वेळेपासून रोज दीड तास गावातील सर्व घरांतील टीव्ही व मोबाइलचे पडदे स्वखुशीने बंद ठेवावेत, आजारपण, तातडीचे प्रसंग व परगावी असलेल्या आप्तांचे फोन यांस ही अट लागू नसावी, सदर वेळेत मुलांचा अभ्यास, वर्तमानपत्र व ग्रंथ यांचे वाचन, घरातील कागदपत्रे समजून घेणे व वडीलधाऱ्यांशी बोलणे यांस अग्रक्रम असावा, दर आठवड्यास एका घराने पहारा घेऊन भोंग्याने वेळेची आठवण देण्याचे व वाचनालय उघडण्याचे काम पाहावे व त्याची नावनिशीवार यादी पंचायतीच्या फलकावर लावावी, घरकामाचा भार या वेळेत सर्वांनी वाटून घ्यावा, आणि सहा महिन्यांनी ग्रामसभेने या ठरावाचा आढावा घेऊन तो पुढे चालू ठेवणे अथवा सुधारणे याचा निर्णय करावा.”

या मसुद्यात पंचायतीच्या तिजोरीवर भोंग्याखेरीज खर्च नाही, तालुका पंचायतीच्या मंजुरीची वाट पाहावी असे काही नाही, आणि कोणत्याही पक्षाला, जातीला वा भाषेला अडचण वाटावी असेही काही नाही. मराठी घराला जितका तो हितकारक आहे तितकाच त्याच गल्लीतील कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या घराला आहे. अडचण असलीच तर ती एवढीच की पहिले काही आठवडे हे अवघड जाईल. लोक हसतील, काही घरांतून आवाज येतच राहील, आणि तीन आठवड्यांनी उत्साह ओसरला असे कोणी तरी म्हणेल. अशा वेळी पंचांनी पहाऱ्याची यादी पुन्हा एकदा वाचावी, ज्या घराचा पहारा आहे त्याच्या दारी जाऊन बसावे, आणि नेम चालू ठेवावा. चित्त भटकते हा त्याचा स्वभाव आहे, आणि भटकले की त्याला माघारी आणायचे, पुन्हा भटकले की पुन्हा आणायचे, हे गीतेच्या सहाव्या अध्यायाने सांगितलेले साधन गावाच्या चित्तालाही तसेच लागू आहे. नेम मोडला म्हणजे संपला असे नव्हे. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी तो पुन्हा धरता येतो.

आपण निवडून आलात तेव्हा गावाच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा भार आपण पत्करला आहे. विहिरी, रस्ते, गायरान, स्मशानभूमी यांची नोंद आपल्या नोंदवहीत आहे. गावकऱ्यांच्या संध्याकाळीही त्या मालमत्तेत जमा धराव्यात, आणि त्यांच्या रक्षणाचा पहिला पहारा आपण स्वतः घ्यावा, एवढेच मागणे आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, चर्चा मोकळेपणी होऊ द्यावी, आणि ठराव मंजूर झाल्यास त्याच संध्याकाळपासून अमलात आणावा.



आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक रहिवासी